न चकाकणाऱ्या पट्टीविषयी

माननीय मेहुणेबुवा यांस,

आपल्या धाकट्या भगिनीच्या यजमानांचा, म्हणजे माझा, सविनय नमस्कार. आपला खोकला उतरला असेल आणि सूनबाईंनी दिलेले औषध आपण खिडकीतून कुंडीत न ओतता पोटात घेत असाल, अशी आशा करतो. माझा गुडघा जिना चढताना बोलतो आणि उतरताना मौन पाळतो. एरवी प्रकृती उत्तम. आपली भगिनीही कुशल असून सध्या माझ्याशी मोजके बोलते. (कारण ओघाने येईलच.) माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, हे आपण चारचौघांत आवर्जून सांगता. परंतु त्या चार इयत्तांत जे शिकलो ते पक्के शिकलो, हे या पत्रात कोठेही खाडाखोड नाही यावरून आपल्या ध्यानात यावे.

पत्रास कारण आपली भाची. आपण जिला अजून बारकी म्हणता, ती पदार्थविज्ञानातील मोठी संशोधक असून अवकाशात जाणाऱ्या यंत्रांसाठी साहित्य शोधते, हे आपणांस ठाऊक आहे. मी आयुष्यभर दारांच्या पितळी मुठींना पॉलिश केले. या शहरातील बँकेच्या, न्यायालयाच्या आणि नाट्यगृहाच्या दारात ज्यांनी ज्यांनी मुठीत पाहून केस सारखे केले, त्यांनी ते माझ्या कामात पाहून केले. बारकी लहानपणी कारखान्यात येई आणि मूठ का चकाकते म्हणून विचारी. मी घासतो म्हणून, असे मी सांगे. ‘पण घासल्यावर तिथं होतं काय, बाबा?’ याचे उत्तर मजपाशी नव्हते, म्हणून तिला शाळेत घातले. शाळेपाशीही नव्हते, म्हणून ती महाविद्यालयात गेली. आणि पुढे तर तिला शिकविणारेच तिला विचारू लागले.

प्रथम तिने कडाक्याच्या थंडीत न तडकणारा डिंक केला. तो आज पृथ्वीभोवती फिरत आहे. (डिंक फिरत आहे असे मी शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिले.) त्यानंतर एक पांढरा रंग केला, तो हवा नसलेल्या जागी ऊन लागताच जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडला आणि दोन वर्षांचे काम केराच्या टोपलीत गेले. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली, भांडी घासली आणि म्हणाली, ‘उद्यापासून काळा.’ तेव्हापासून ती काळ्याच्याच मागे आहे. अवकाशात न्यावयाच्या दुर्बिणीच्या नळीत बाजूचे ऊन शिरले, तर दूरच्या ताऱ्याचा मिणमिणता उजेड त्यात बुडून जातो. म्हणून नळीला आतून असा लेप द्यावयाचा की त्यावर पडलेला उजेड परत फिरता कामा नये. शिवाय उड्डाणाच्या हादऱ्यांत त्याचा कणही सुटता कामा नये. थोडक्यात, बापाने जन्मभर जी चकाकी आणली, तिचा समूळ नायनाट करणे हा लेकीचा व्यवसाय! पोस्टमास्तरांनी विचारले, ‘मग पोरगी बनवते तरी काय?’ मी ताठ मानेने सांगितले, ‘काळोख.’

तर सांप्रत एक नवी दुर्बीण सिद्ध होत आहे. तिच्या नळीला आपल्या बारकीचा काळा लावावा की दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा, हे ठरविण्यासाठी समिती बसली आहे. भट्टी, बर्फाहून थंड पेटी, हवा काढलेले पिंप आणि थरथराटाचे यंत्र या सर्वांतून सुखरूप बाहेर आलेली तळहाताएवढी एक पट्टी समितीपुढे ठेवावयाची होती. समिती परगावी, सकाळची गाडी, म्हणून पट्टीची पेटी घेऊन बारकी आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामास आली. सकाळी ती स्नानास गेली आणि मी पेटी उघडली. (पेटीवर ‘उघडू नये’ असे लिहिले होते. परंतु ते परक्यांसाठी, असा माझा समज झाला.)

मेहुणेबुवा, आत काय असावे? चुलीच्या मागून काढल्यासारखा एक काळाकुट्ट पत्रा! काळ्याविषयी मी ऐकले होते. पण काळी वस्तूसुद्धा बुटासारखी काळी असते, तिला आब असतो. हिला ना कड दिसे, ना पाठपोट. मला वाटले, काळा आत असेल आणि ही वर प्रवासातली काजळी बसली असेल. आपली मुलगी असले ध्यान घेऊन थोरामोठ्यांपुढे उभी राहणार, हे ज्याने न्यायालयाच्या मुठी घासल्या त्याला कसे पाहवेल? मी नेहमी आपल्याच दुकानातून मागवितो ते, आपण स्वहस्ते घोटलेले पॉलिशचे मलम काढले, फडके घेतले आणि बैठक मारली.

ती केस पुसत बाहेर आली.

‘बाबा! काय करताय?’

‘काजळी काढतोय.’

‘ती काजळी नाहीये हो! ते माझं काम आहे!’

आपली भगिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘सांगितलं होतं मी, या माणसासमोर कुठलीही वस्तू मळकी ठेवू नकोस.’ हे तिचे त्या दिवसाचे शेवटचे वाक्य.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी लेखणी उचलली ती ऐकावी. मी फडके उलटून पाहिले, तर ते स्वच्छ. पाव तास मी जीव खाऊन घासले होते. या हाताने गंज उतरविला, शेवाळ उतरविले, एकदा तर बँकेच्या मुठीवरचे कोरीव अक्षरही उतरविले (बँकेने ते मनास लावून घेतले), परंतु माझ्या लेकीचा काळा केसभर हलला नाही. जन्मात मी एकदाच हरलो, तो घरच्याच माणसाकडून. याहून मोठा सन्मान मला कोण देणार?

बारकीने समितीपासून काहीही लपविले नाही. अध्यक्षबाईंनी भिंगातून पाहून विचारले, ‘हे पांढुरकं काय आहे?’ ती म्हणाली, ‘माझ्या वडिलांनी पट्टी घासली.’ ‘किती जोरात?’ ‘त्यांना हळू घासता येत नाही.’ अध्यक्षबाईंनी पट्टीवरून पांढरा कपडा फिरविला. त्यावर काळ्याचा ठिपकाही आला नाही. इतका मार आमच्या थरथराटाच्या यंत्रातही बसत नाही, असे एक सदस्य म्हणाले म्हणे. समितीच्या दप्तरात माझ्या हाताची नोंद झाली. हे आपण चारचौघांत सांगावे, चौथ्या इयत्तेच्या आधी किंवा नंतर, जसे सोयीचे पडेल तसे.

सर्व वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये.

आपला,
भगिनीचे यजमान

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. समितीचा निर्णय अद्याप झालेला नाही. आपले मलम त्या काळ्याच्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसले आहे. ते पूर्ण निघाल्याखेरीज पट्टीची पुन्हा मोजणी होत नाही. आणि पुढील सोमवारच्या बैठकीपूर्वी मोजणी झाली नाही, तर दुसऱ्यांचा काळा दुर्बिणीत जाईल. कशाने धुवावे हे ठरविण्यास मलमात काय आहे ते कळले पाहिजे. बारकीच्या यंत्राने मेण, तेल आणि दगडाची भुकटी ओळखली. चौथ्या पदार्थापाशी ते अडले आहे. तरी तो पदार्थ कृपा करून उलट टपाली कळवावा.

ता. क. दुसरा. आपण ही कृती सख्ख्या मुलासही सांगितलेली नाही, हे मी जाणतो. पाकीट बंद करून थेट बारकीच्या पत्त्यावर धाडावे. मी ते उघडणार नाही. (या वेळी खरेच.)

ता. क. तिसरा. हे पत्र आपल्या भगिनीने आताच वाचले. ती म्हणते, ‘दादाला लिहा, चौथं काय ते मला माहीत आहे. माहेरी मीच ते कुटून द्यायची. शुक्रवारपर्यंत त्याचं पाकीट आलं तर त्याची अब्रू राहील. नाही आलं तर मी पोरीला सांगून टाकीन.’ तेव्हा दुर्बिणीची काळजी मिटली. आपली आपण पाहावी. मी तिला म्हणालो, मला तरी सांग. तर ती म्हणाली, ‘तुम्हाला? तुम्ही आधी पोस्टमास्तरांना सांगाल.’ आणि पुन्हा बोलेनाशी झाली. तरी मेहुणेबुवा, तिकडे पाकीट धाडताना इकडेही एक ओळ टाकावी. चाळीस वर्षे ते मी हाताला लावत आहे.