अठ्ठ्याऐंशी दातांचं मुकं जनावर

मु. पो. वरकुटे, ता. इंदापूर
मंगळवार, दुपार (लाइट नाही, म्हणून पत्राला वेळ आहे)

तीर्थरूप दीपकमामांच्या चरणी भाची रेश्माचा नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? कंपनीच्या दवाखान्यातलं मलम लावता, की मामी सांगतात तो एरंडाचा पाला बांधता? (दोन्ही एकदम लावू नका. मागच्या वेळी तुम्ही हिरवे झाला होता.) मामींना नमस्कार, ऋषिराजला आशीर्वाद. तो माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे, पण घरातली पहिली पदवीधर म्हणून आशीर्वाद द्यायचा हक्क मला आहे, असं मी समजते. इकडे सर्व खुशाल. आईची कंबर, आबांचा ऊस आणि बापूसाहेब काकांचा आवाज ही तिन्ही पूर्वीसारखीच आहेत.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घरात फोन आला की तो स्पीकरवर टाकून सगळ्यांच्या मधे ठेवतात, जसं काही प्रसादाचं ताट. तुमच्याकडे मामींचीही तीच पद्धत. म्हणजे आपण दोघं बोलायचं आणि दोन गावांनी ऐकायचं. विषय नाजूक आहे. म्हणून हे पत्र तुमच्या क्वार्टरवरून जाणाऱ्या दुधाच्या गाडीबरोबर पाठवते आहे.

तुम्हाला माहीतच आहे की बी.एस्सी. झाल्यापासून मी घरी लॅपटॉपवर संगीत तयार करते. आजवर एकेक स्वर माऊसने टोचत होते. शेंगा टोकल्यासारखं वाकून एकेक दाणा टाकायचा आणि चार दिवसांनी उगवलं की नाही ते बघायचं. अशाने एका गाण्याला एक हंगाम जातो. म्हणून मी मिडी कीबोर्ड घ्यायचं ठरवलं. तुमच्या पेटीसारख्याच पट्ट्या असतात, पण त्याला स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, एवढंच तो लॅपटॉपला कळवतो, आणि आवाज लॅपटॉप काढतो. (मामा, हे वाक्य दोनदा वाचा. आमच्या घरात ते मी एकदाच सांगितलं आणि पुढचं सगळं त्यातून झालं.)

आता कीबोर्ड केवढा घ्यायचा? पंचवीस पट्ट्यांचा मिळतो, एकसष्टचा मिळतो आणि पूर्ण अठ्ठ्याऐंशीचा मिळतो. माझं मत पहिल्यापासून अठ्ठ्याऐंशीचं होतं. आपल्याकडच्या मुलींना सगळं अर्धंच देतात: अर्धी खोली, अर्धी परवानगी, अर्धं शिक्षण. निदान पट्ट्या तरी पूर्ण असाव्यात. शिवाय मोठ्याच्या पट्ट्यांना पियानोसारखं वजन असतं. हळू दाबलं तर हळू, रागाने दाबलं तर रागाने. हे मी जेवताना तळमळीने मांडलं. आबा म्हणाले, "पंचवीसमधी तुझा राग मावत न्हाय व्हय?" आई म्हणाली, त्याची लांबी आपल्या कॉटएवढी आहे, मग झोपायचं कुणी, तू का त्याने? शेवटी एकसष्टवर तडजोड झाली. मी ती तत्त्वतः अमान्य करून मुकाट्याने जेवले.

शनिवारी बारामतीला दुकानात गेलो. मी, आबा आणि बापूसाहेब काका. काकांना संगीतातलं काही कळत नाही, पण आमच्या घरात बैल असो, मोटर असो की पिठाची गिरणी, काकांनी पारखल्याशिवाय दारात येत नाही. उभी हयात जनावरांच्या बाजारात गेलेला माणूस. दुकानात त्यांनी चपला बाहेर काढल्या, कीबोर्डाभोवती एक फेरी मारली, मागे जाऊन वाकून पाहिलं आणि मग पट्ट्या मोजायला लागले. दुकानातला ऋतिक नावाचा मुलगा गळ्यात ओळखपत्र घालून नम्रपणे उभा होता. त्याला काका म्हणाले, "आमच्याकडं बैलाला आठ दात आलं की तो जुळला म्हणत्यात, म्हंजी पुऱ्या वयाचा. ह्ये अठ्ठ्याऐंशीवर गेलंय. लईच म्हातारं न्हवं का? त्यो पंचवीसवाला खोंड तरणा दिसतोय." ऋतिक म्हणाला, "सर, सगळे यंदाचेच आहेत." काका आबांकडे वळून हळूच म्हणाले, "बाजारात समदं असंच सांगत्यात."

तरी काका एकसष्टवर आले आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. मामा, इथून पुढे काय झालं ते मी शपथेवर सांगते. जनावराच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी टॉवेलाखाली हात घालायचे आणि समोरच्याची जितकी बोटं दाबायची तितका आकडा. बघणाऱ्याला काही कळत नाही. काकांनी ऋतिकच्या हातावर टॉवेल टाकला. किंमत पाटीवर लिहिलेली होती, पण पाटीवर जे असतं ते अडाण्यांसाठी, असं काकांचं मत. त्यांनी दोन बोटं दाबली. ऋतिकला वाटलं, काका प्रेमाने हात मिळवतायत, ग्रामीण भागात अशी पद्धत असेल. त्याला ग्राहकाशी आपुलकीने वागायचं प्रशिक्षण मिळालेलं. त्याने काकांचा अख्खा पंजा दोन्ही हातांनी धरला आणि गदागदा हलवला.

बाजारात अख्खा पंजा म्हणजे पाच, आणि हलवला म्हणजे सौदा पक्का; काकांचा चेहरा उतरला. टॉवेल काढून ते आबांना म्हणाले, "झाला सौदा. पोरगं कोवळं दिसतंय पण लई कसलेलं हाय." जो आकडा झाला तो पाटीवरच्यापेक्षा कितीतरी वर होता. ऋतिक बिचारा घाबरून म्हणाला, "काका, एवढे नकोत, पाटीवर आहेत तेवढेच द्या." यावर काका जे भडकले! "टावेलाखाली एक आन् वर एक? शब्द फिरवणारं खानदान न्हाय आमचं! घ्यायचं तेवढंच घ्यावं लागंल!" जास्त पैसे घ्या म्हणून भांडणारं गिऱ्हाईक दुकानाने पहिल्यांदाच पाहिलं असावं. आबा काकांना ओढतायत, काका पैसे पुढे सरकवतायत, ऋतिक मागे सरकतोय. शेवटी मालक आतून आले. शहाणा माणूस. म्हणाले, बापूसाहेब, तुमचा शब्द राहू द्या, मी त्या पैशात एकसष्टच्या ऐवजी अठ्ठ्याऐंशीवालं देतो, वर स्टँड देतो. काका म्हणाले, "ह्येला म्हणत्यात व्यापारी." आणि हे सगळं चालू असताना मी काय करत होते? मामा, मी नेहमी सत्याच्या बाजूने उभी राहते. त्या वेळी सत्य अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या शेजारी उभं होतं, म्हणून मीही तिथेच जाऊन उभी राहिले.

येताना पिकअपमध्ये पेंडीची पोती खाली आणि कीबोर्ड वर. भवानीनगरला साखर कारखान्याच्या रांगेतल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो, तिथे आबा पहिल्यांदा बोलले. गाडी बंद करून म्हणाले, "आता ऐक. घेतलंय तर औताला धरून दाव. काम करतंय असं दिसलं, तर मागची खोली तुझी, आन् वरीसभर तुला कोण काय म्हणायचं न्हाय. न्हाय दिसलं, तर पुण्याला क्लास लावायचा आन् अधिकारी व्हायचं." मामा, अधिकारी व्हायला माझी ना नाही. देशाला चांगले अधिकारी हवेतच. ते दुसऱ्या कुणीतरी व्हावं एवढंच माझं म्हणणं आहे. मला एक वर्ष आणि एक खोली हवी आहे. खोलीत सध्या खताची पोती आहेत, पण कुलूप उघडलेलं असताना मी दाराशी उभी राहून टाळी वाजवून पाहिली. पोत्यांमुळे आवाज अजिबात घुमत नाही. मोठ्या स्टुडिओत यासाठी भिंतींना महाग फोम लावतात.

रविवारी संध्याकाळी काकांनी परस्पर सगळं भजनी मंडळ बोलावलं. कीबोर्डाला हळदीकुंकू वाहिलं (ते अजून तिसऱ्या काळ्या पट्टीच्या फटीत आहे), नारळ फोडला, पाणी पट्ट्यांवर पडायच्या आत मी मधे हात घातला. लॅपटॉप आणायला मी आत गेले, तेवढ्यात काकांनी वायर बोर्डात खोचली आणि मंडळासमोर दणादणा पट्ट्या दाबल्या. अर्थात काही वाजलं नाही. बाहेर आले तर सगळे कीबोर्डावर वाकलेले. पखवाजवाले दत्तोबा म्हणाले, "बापूसाब, भाता कुठाय त्येचा? हवा कुठनं घ्यायची त्यानं?" कुणी म्हणालं उलटा करून बघा. आबा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मुकं निघालं व्हय गं?"

मी धावत लॅपटॉप जोडला. घाईत एक गोष्ट विसरले. आपल्या मातीतले आवाज संगीतात यावेत या विचाराने गेला महिनाभर मी आसपासचे आवाज रेकॉर्ड करते आहे. आणि पट्ट्यांवर शेवटचा भरलेला आवाज होता काकांचा. सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही तेव्हा ते त्याच्याशी जे बोलतात, तो. लॅपटॉप सुरू झाला, काकांनी ऐटीत मधली पट्टी दाबली, आणि भरल्या मंडळात त्यांच्याच आवाजात ऐकू आलं, "चालू हो की मुडद्या!"

काकांनी हात मागे घेतला. मग शेजारची पट्टी दाबून पाहिली. तेच, जरा वरच्या सुरात. मग दत्तोबा सरसावले. डावीकडच्या टोकाला काका एखाद्या रेड्यासारखे घोगरे, उजवीकडच्या टोकाला चिमणीएवढे. पूर्ण अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा फायदा काय असतो, हे मी महिनाभर समजावत होते, ते मंडळाला एका मिनिटात समजलं. मंडळातल्या तानूबाई हसता हसता भिंतीला टेकून बसल्या. काका आधी चिडले, मग दोन्ही हातांनी एकदम चार पट्ट्या दाबून स्वतःच्याच आवाजाचं चौघांचं भांडण लावून दिलं, मग कौतुकाने म्हणाले, "आवाज भारदस्त हाय न्हवं माझा?"

पण आबा हसले नाहीत. सगळे गेल्यावर म्हणाले, "खेळणं झकास हाय. काम कुठंय?" आणि उसाला पाणी धरायला निघून गेले. मग मी एकटीने बसून माझी स्वतःची चाल वाजवली, नीट, दोनदा. ऐकायला फक्त म्हैस होती. म्हणजे परीक्षा झाली, पण परीक्षक उठून गेल्यावर. निकाल अजून लागलेला नाही. खोलीला कुलूप आहे तसंच आहे. पुण्याच्या क्लासची जाहिरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेली आहे.

बाकी सर्व ठीक. मामींचे कुरडईचे वाळवण झाले का? पत्राचं उत्तर आलं नाही तरी राग नाही.

आपली आज्ञाधारक भाची,
रेश्मा

ता. क. – खरं म्हणजे एक छोटंसं काम होतं. कंपनीच्या गणपतीत तुम्ही पेटी वाजवता, म्हणून आबा गाण्याच्या बाबतीत तुमचा शब्द मानतात. त्यांनी विचारलं, तर सांगा की तुम्ही पुण्यातल्या एका मोठ्या संगीतकाराला माझी चाल ऐकवली आणि ते गहिवरले. असा कुणी संगीतकार तुमच्या ओळखीचा नाही हे मला ठाऊक आहे. मी स्वतः कधी खोटं बोलत नाही, म्हणून तर तुम्हाला सांगते आहे.

ता. क. २ – गहिवरले हे जास्त होत असेल तर 'मान हलवली' चालेल.

दीपकराव, रामराम. ह्ये खाली मी, रेश्माचा बाप, लिवतोय. पोरीनं पाकीट गाडीवाल्याला द्यायला माझ्याकडं दिलं हुतं. उघडं हुतं म्हणून वाचलं. चिकटवल्यालं असतं तरी वाचलं असतं. तुमी कुणाला गहिवरायला लावू नका. त्या दिशी पाणी धरायला गेलोच न्हवतो, मळ्यातल्या मोटरीला लाइट कुठं हुती. गोठ्याच्या मागं बसलो हुतो. पयल्या बारीला मधी अडाखळली. दुसऱ्या बारीला न्हाय. क्लासची जाहिरात खिळ्याला हुती, ती मी आज सकाळी चुलीत घातलीया. हितं खोली रिकामी करायला घेतलीय. तुमच्या क्वार्टरमागं पत्र्याची शेड हाय, तितं खताची पोती बसत्याल का त्येवढं बघून ठेवा. चार पोती मात्र खोलीतच ठेवतोय, ती म्हणती आवाज घुमत न्हाय त्येनं.