धायरीतला तात्पुरता मुक्काम

१३ नोव्हेंबर २००६, सोमवार

धायरीच्या बंगल्यात दाखल झालो. ‘दाखल’ हा शब्द चुकीचा. राहायला आलो. दारू सोडलेल्या माणसांना दवाखान्यातून एकदम घरी न सोडता काही महिने एकत्र ठेवतात, त्याला हाफवे होम म्हणतात. मला गरज नाही. पण बायको, नम्रता, हट्टाला पेटली आणि ऑफिसनेही ‘आधी बरे व्हा, मग या’ म्हटलं, म्हणून कोऑपरेट करतोय. इथे सहा महिने म्हणतात. माझं टार्गेट डिसेंबरअखेर. जानेवारीत हिंजवडीत आमच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह आहे, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष सुरू होणार. ते माझ्याशिवाय होणं शक्य नाही.

इन्चार्ज संभाजीराव. पूर्वी बांधकामाचे ठेकेदार आणि पट्टीचे पिणारे. आता कित्येक वर्षं बंद. त्यांनी मोबाइल काढून घेतला. फोन फक्त रविवारी, त्यांच्या टेबलावरून. फाटकाबाहेर एकट्याने जायचं नाही. मी सहज विचारलं, फाटकाला कुलूप असतं का? म्हणाले, “नाही. पण पहिल्याच दिवशी विचारणारे तुम्ही पहिलेच.”

रोज डायरी लिहायची सक्ती आहे. कुणी वाचणार नाही म्हणे. मग लिहायची कशाला? तरी लिहीन. पुढेमागे मॅनेजमेंटवर पुस्तक काढायचं झालं तर उपयोग होईल.

१४ नोव्हेंबर

खोलीत पार्टनर आहे. नागोराव. वाशीमकडचा, पन्नाशीचा, भोसरीला कारखान्यात लेथवर होता. सारखा खोकतो. मला साहेब म्हणतो, तेवढं बरं आहे. “साहेब, तुमी काऊन आले इथं?” म्हणून विचारलं. सांगितलं, स्ट्रेस होता. तो म्हणाला, “मले बी तेच होतं. फक्त मी त्याले देशी म्हनत होतो.”

विनोदबुद्धी आहे, पण इनसाइट नाही. मी अकोल्याचा आहे हे त्याला सांगितलेलं नाही. उगाच जवळीक वाढते.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

या घरात सिस्टिम नाही. सहा माणसं, एक किचन आणि कामं आपापसात बोलून वाटतात! काल बसून कामांचा रोटेशन तक्ता तयार केला, रंगीत पेन वापरून. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मांडला. सर्वांना आवडला. संभाजीरावांनी भिंतीवरही लावला. फक्त एक बदल केला. भांडी कायमची माझ्याकडे.

ठराव: नागोरावला मेंटॉर करायचं. माणूस कच्चा आहे. बाहेर टिकणार नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

नम्रता आणि आमची लेक पूर्वा भेटायला आल्या. नम्रताला माझा एक्झिट प्लॅन समजावून सांगितला. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नाही, अर्धवट बांधलेली बिल्डिंग आहे. मग म्हणाली, “तुला पिणं सोडायचंय, की इथून सुटायचंय?” मी म्हटलं, दोन्ही पॅरलल चालू आहे. ती हसली नाही.

पूर्वाच्या शाळेचं गॅदरिंग सोळा डिसेंबरला. नाटकात ती भाजीवाली आहे. मला आरोळी म्हणून दाखवणार होती, पण माझं समजावणं लांबलं. तेवढ्यात नागोरावने तिला व्हरांड्यात नेऊन मेथीची आरोळी कशी द्यायची ते शिकवलं. दोघं इतकी ओरडली की शेजारची बाई पिशवी घेऊन गेटवर आली.

पूर्वाला शब्द दिला. पहिल्या रांगेत बसणार.

२६ नोव्हेंबर, रविवार

ऑफिसला फोन केला. रोहन माझा ज्युनिअर, रविवारीही काम करतोय. म्हणजे अडलंय! म्हणाला, “सर, सगळं स्मूथ चाललंय, तुम्ही आराम करा.” माझ्यावर ताण येऊ नये म्हणून लपवतोय. गुणी मुलगा.

२ डिसेंबर, शनिवार

आता कंटाळा येत चाललाय. कंटाळा नाही, गुदमरायला होतं. खिडकीला ग्रिल, ग्रिलबाहेर सिमेंटचे खांब. बाथरूममध्ये जरा वेळ लागला की बाहेर कुणीतरी खाकरतं. चहा सर्वांनी एकदम प्यायचा. मनात काय आहे तेही सर्वांनी एकदम सांगायचं. काल मनात काही नाही म्हटलं तर संभाजीराव म्हणाले, “थांबतो आम्ही.” आणि खरंच थांबले! सहाजण माझ्याकडे बघत. शेवटी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

आज मीटिंगमध्ये डिसेंबरअखेर सुटका मागितली. भाषण उत्तम झालं. माझी ग्रोथ, माझं योगदान, तक्ता. संभाजीरावांनी एकच विचारलं. “प्यावंसं वाटतं का?” म्हटलं, अजिबात नाही. आल्यापासून एकदाही नाही. त्यावर नागोराव खाली बघून म्हणाला, “मले तर रोज वाटते.” मी विजयी नजरेने सगळ्यांकडे पाहिलं. फरक स्पष्ट होता.

निर्णय: मला सुटका नाही. नागोरावला जानेवारीपासून एकट्याने बाहेर कामाला जायची परवानगी. मला काही कळेनासं झालंय. एस्कलेट करावं, तर वर कुणाकडे?

गॅदरिंगला मात्र सोडणार आहेत. नागोरावला माझ्यासोबत पाठवतायत. म्हणजे जबाबदारी माझी.

१० डिसेंबर, रविवार

गो-लाइव्ह झालं. महिनाभर आधीच. रोहननेच सांगितलं. केकही कापला. माझी जागा कुणाला दिलीय का, हे मी विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, “टेम्पररी आहे सर.”

केक कुठला आणला ते विचारायचं राहिलं.

जेवलो नाही. नागोराव ताट झाकून ठेवून गेला. त्याला म्हटलं, मला भूक नाही, पोट बिघडलंय. तो बरं म्हणाला आणि बाजूच्या खाटेवर नुसता बसून राहिला. या घरात माणसाला धड उपाशीही राहता येत नाही.

१६ डिसेंबर, शनिवार, सकाळी

आज गॅदरिंग. निळा शर्ट इस्त्री केलाय. प्लॅन: स्वारगेटला बस बदलायची, कोथरूडला वेळेआधी पोचायचं, पहिली रांग. नंतर नम्रताशी शांतपणे बोलायचं. तिने मला असं मोकळं, बाहेर, शर्टात बघितलं की अर्धं काम झालं.

आज फार फ्रेश वाटतंय.

१७ डिसेंबर, रविवार

काल स्वारगेटला गर्दी भयंकर. त्यात माझी आणि नागोरावची चुकामूक झाली. यात त्याचा निष्काळजीपणा आहे. पूर्वासाठी गजरा आण म्हणून मीच पाठवलं होतं हे खरं, पण त्याने एवढा वेळ लावायला नको होता.

समोर परमिट रूम होती. मी फक्त बसायला गेलो. उन्हात उभं राहून शर्ट खराब झाला असता. एक बिअर मागवली. बिअर म्हणजे तशी दारू नव्हे आणि शाळेत सगळ्या पालकांसमोर जायचं तर जरा कॉन्फिडन्स लागतो. मागच्या बाजूला बसलो होतो, म्हणून नागोरावच्या हाका ऐकू आल्या नाहीत.

आल्या. ऐकू आल्या. “दिग्विजयभाऊ” म्हणत होते. साहेब नाही. दोनदा दारावरून गेले, हातात गजऱ्याचा पुडा होता. मी मेनूकार्ड वर धरलं.

बिअरनंतर जे मागवलं ते बिअर नव्हतं.

शाळेवर पोचलो तेव्हा मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता. रिक्षाने परत आलो. येताना बडीशेप खाल्ली. संभाजीरावांनी फाटक उघडलं, एक श्वास घेतला आणि बाजूला झाले.

नागोराव शाळेत गेले होते. मला शोधून शोधून शेवटी एकटेच गेले. पोरगी वाट पाहत असंन म्हणे. नम्रताला सांगितलं की मी हरवलो. तिने पहिल्या रांगेत माझ्यासाठी पर्स ठेवून खुर्ची धरली होती, तिथे त्यांना बसवलं. पूर्वाची आरोळी मंडपाबाहेर ऐकू गेली, असं ते मला सांगत होते. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. मला झोप लागलीय असं त्यांना वाटावं म्हणून घोरलोसुद्धा.

१८ डिसेंबर, सोमवार

मीटिंग. इथला नियम साधा आहे. प्यायला तो बाहेर. यात नवल नाही, मला बाहेरच जायचं होतं. बॅग सकाळीच भरली.

संभाजीरावांनी विचारलं, “कुठे जाणार?”

नम्रताला फोन केला. ती म्हणाली, “घरी नको, दिग्विजय.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. मग भावाला केला, अकोल्याला. वहिनीने सांगितलं, ते बाहेर गेलेत. मागे त्याचा खोकला ऐकू येत होता. रोहनचा नंबर फिरवला आणि वाजायच्या आत ठेवून दिला.

फाटक उघडं होतं. दिवसभर उघडंच असतं. मी बॅग घेऊन तिथपर्यंत गेलो. रस्त्याच्या डाव्या हाताला वाइन शॉप आहे, उजव्या हाताला बसस्टॉप. इतके दिवस मला फक्त रस्ता दिसत होता. फाटकाला धरून उभा राहिलो. उन्हामुळे असेल, असं लिहिणार होतो. भीती वाटली. बाहेर गेलो तर डावीकडेच जाईन, हे मला पक्कं माहीत होतं.

परत आत येऊन म्हणालो, मला ठेवून घ्या. कुठलंही भाषण केलं नाही. सुचलं नाही.

मग नागोराव म्हणाले, “राहू द्या त्यायले. खोलीत एकट्याले मले भेव लागते.” पन्नाशीचा माणूस, कशाला भेव लागतंय त्याला! संभाजीरावांनाही ते कळत होतं. ते बराच वेळ माझ्याऐवजी नागोरावांकडेच बघत होते.

निर्णय: मी राहायचं. सहा महिने आजपासून. मला एकटं सोडलं आणि लगेच फोन केला नाही म्हणून नागोरावांची जानेवारीची परवानगी रद्द. मी म्हटलं, त्यांची काही चूक नाही, सगळी माझी आहे. संभाजीराव म्हणाले, “माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला ऐकवतोय.”

खोलीत आल्यावर नागोरावांना सांगितलं की मी अकोल्याचा आहे. म्हणाले, “पहिल्या दिवशीच समजलं होतं. तुमी झोपीत बोलता.”

२४ डिसेंबर, रविवार

नम्रता आली नाही. येणार नाही असं तिने आधीच कळवलं होतं, तरी दाढी केली.

संध्याकाळी संभाजीरावांनी फोन माझ्याकडे सरकवला. नम्रताने उचलला. कसा आहेस, विचारलं. प्यावंसं वाटतं म्हटलं. रोज वाटतं. ती म्हणाली, “पूर्वाला देते.”

पूर्वाला काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. सॉरी म्हणायचं, पुढच्या वर्षी नक्की म्हणायचं. मग वाटलं पुढच्या वर्षीचं नको, नुसतं सॉरी. ती फोनवर आली. मी म्हटलं, पूर्वा, मी बाबा बोलतोय.

ती म्हणाली, “हो, माहितीये. बाबा, नागोराव काका आहेत का? त्यांना द्या ना.”

नागोरावांना हाक मारली. ते हात पुसत आले, फोन घेतला आणि मेथीवालीचा भाव विचारायला लागले. पलीकडून ती हसत होती, ते इथपर्यंत ऐकू येत होतं. मी तिथेच उभा होतो. फोन परत माझ्याकडे येईल म्हणून थांबलो. बोलणं संपल्यावर त्यांनी तो जागेवर ठेवला.

मग मी भांडी घासायला गेलो.