नमो मारियाची वाटणी

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. मी, श्रीमती सत्यभामा मोतीराम त्रिभुवन, वय ७६, धर्म कॅथलिक, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, पूर्वी सिस्टरांच्या बोर्डिंगात स्वयंपाकीण, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघ्यांबद्दल तसं लिहून देता येणार नाही.

१. राहतं घर माझ्या नावावर आहे. माझ्या मालकांनी वाळूजच्या कंपनीत फिटरकी करून ते बांधलं. खालचा मजला थोरला मुलगा शांतवन याला, वरचा धाकटा लुकस याला. जिना, गच्ची आणि पाण्याची टाकी सामाईक. वकीलसाहेब म्हणाले, टाकीचीही वाटणी लिहा, नाहीतर पुन्हा भांडतील. मी लिहिणार नाही. नळाला पाणी आलं त्या दिवशी मोटर कुणी बंद केली, यावरून दोन वर्षं हे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. फादर समेट करायला आले, चहा पिऊन गेले.

२. मालकांची पान्यांची पेटी लुकसला. शांतवनला बल्बसुद्धा नीट बसवता येत नाही, त्यानं वाईट वाटून घेऊ नये. बोर्डिंगातून निघताना सिस्टरांनी दिलेलं मोठं पातेलं थोरली सून रत्नमाला हिला. पाहुणे आले की तिचा हात आखडत नाही. कानातलं धाकटी सून मोनिका हिला. तिनं आल्या दिवशीच माझ्या वरणाला नाव ठेवलं होतं, ते मी विसरलेले नाही, पण कानातलं तिलाच शोभतं.

३. पोस्टात जे असेल ते बोर्डिंगातल्या मुलींच्या नाष्ट्याला द्यावं. उपाशीपोटी प्रार्थनेत मन लागत नाही, हे मी जन्मभर पाहिलं.

४. सकाळची प्रार्थना. वकीलसाहेबांच्या मते ही मालमत्ता नव्हे. माझ्याकडे खरी मालमत्ता हीच आहे. चहाचं आधण ठेवण्याआधी क्रूसासमोर उभं राहायचं, ही आमच्या घरची रीत. 'नमो मारिया'चा पहिला भाग एकानं म्हणायचा आणि 'पवित्र मारिये'पासून पुढचा बाकीच्यांनी. मालक कंपनीची बस गाठायच्या घाईत एक पाय बुटात घालून पहिला भाग म्हणायचे. ते गेल्यावर तो मान शांतवनकडे आला आणि लुकस उत्तर देऊ लागला. आता एक खाली, एक वर, आणि दोघंही दोन्ही भाग एकटेच म्हणतात. आपणच हाक मारायची, आपणच ओ द्यायची. मला दोन्हीकडचं ऐकू येतं आणि माझा जीव तुटतो.

एकदा मी अंगणात पहिला भाग म्हणून सवयीनं थांबले, तर भिंतीपलीकडून पुढचा भाग आला. शेजारची भागूबाई भांडी घासत होती. ती बुद्धवंदना म्हणणारी, पण आमचं ऐकून ऐकून तिला पाठ झालेलं. विचारलं तर म्हणाली, "तुमी मधीच थांबलात की माझा हातच चालंना, ताई." तेव्हापासून रोज तीच मला उत्तर देते.

माझी जपमाळ तिला द्यायची होती. वकीलसाहेब म्हणाले, ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. भागूबाई म्हणाली, "मग माळ ऱ्हाऊ द्या. मला सही करू द्या." म्हणून जपमाळ घरच्या क्रूसापाशीच राहील.

५. वाटणी अशी: 'नमो मारिया'चा पहिला भाग शांतवनला, दुसरा लुकसला. एकानं दुसऱ्याच्या हिश्श्यात शिरू नये. पोरांनो, तुम्ही दोघंही मला सारखे लाडके आहात, म्हणून वाटणी सारखी केली.

६. मला सकाळी न्यावं. शवपेटी घरातून उचलण्याआधी शांतवननं मोठ्यानं सुरुवात करावी आणि लुकसनं उत्तर द्यावं. मध्ये तिसऱ्या कुणी तोंड उघडू नये. फादर, तुम्हीसुद्धा नाही. आप्पासाहेब, तुम्ही चर्चचे प्रचारक, तुम्हाला प्रार्थना सगळ्यांच्या आधी म्हणायची सवय आहे, तेवढा दिवस आवरा. भागूबाई, तूही. उत्तर येईपर्यंत पेटी उचलू नये. मला घाई नाही.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, पटलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ८ सप्टेंबर २०२५, मारियामातेचा जन्मदिन

(सही) सत्यभामा मोतीराम त्रिभुवन

साक्षीदार:
१. (सही) आप्पासाहेब साळवे, प्रचारक
२. (सही) भागूबाई पुंडलिक खरात, शेजारीण. त्या दिवशी मी गप ऱ्हाईन, पण पोरांनी लई येळ लावू नये.