जुन्या इंजिनाची धडधड

५ जून
नवा पंप बसला. आवाजच नाही!

सकाळी गल्लीच्या तोंडाशी मांडव, खुर्च्या, फीत. इंजिनिअर बाई बोलली. महामारीनं शहराला अद्दल घडवली, आता उभं करायचं तर नीट उभं करायचं, म्हणाली. धूर कमी, झाडं जास्त, डांबर उखडून पाणी मुरेल अशी फरशी, आणि पुराला तोंड देतील अशा वस्त्या. चांगली बोलते पोरगी. वाचनालय पुन्हा उघडल्यापासून असलं बरंच वाचलंय मी. पटतं.

आमची गल्ली म्हणजे बशीचा तळ. नदी वर, आम्ही खाली. पावसाचं पाणी आपणहून जात नाही, उचलून बंधाऱ्यापलीकडे टाकावं लागतं. इतकी वर्षं ते डिझेलच्या इंजिनानं टाकलं आणि इंजिन ह्यांनी चालवलं. आता विजेचा पंप, तोही पाण्यात बुडवलेला. जुन्याचा नळ कापून टाकला. इंजिन तेवढं ठेवलंय, रंग देऊन. शोभेला.

शागीर्द मागे उभा होता. ह्यांच्या हाताखाली शिकला म्हणून शागीर्द. केस पिकले तरी नाव तेच. आता पंपघर त्याच्याकडे. टाळ्या वाजवल्या त्यानं, पण खाली बघून.

९ जून
झोप नाही.

१२ जून
आज फजिती झाली सगळ्या गल्लीची.

दुपारी पाऊस धरला. तासभर कोसळला आणि धडधड नाही! गल्लीत बारकी पोरंसुद्धा जाणतात – पाऊस आहे आणि इंजिन गप्प, म्हणजे पाणी येणार. मग पहिली आक्का. आक्का शेजारची, कमरेखाली अंग गेलेलं. मुलगा बस चालवतो. दिवसभर ती माझ्या नजरेखाली, घराची किल्ली माझ्याकडे. ह्यांनी तिच्यासाठी एका खुर्चीला दोन दांडे ठोकून ठेवलेत. चौघांनी उचलायची आणि टेलरच्या माडीवर न्यायची. नेली. गाद्या नेल्या, पिठाचे डबे नेले. वरून बघतो तर गल्ली कोरडी ठणठणीत. पंप चालूच होता, मुकाट्यानं.

आक्का म्हणाली, "लग्नातसुद्धा कोणी एवढं मिरवलं नव्हतं मला."

१३ जून
इंजिनिअर बाई आली. हसली नाही, हे तिचं चांगलं. पंपघराच्या खांबावर हिरवा दिवा लावलाय, म्हणाली. दिवा पेटलेला म्हणजे पंप चालू. विझला तर निघायचं. कानांवर नाही, डोळ्यांवर भरवसा ठेवा.

सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवा बघायला कोपऱ्यापर्यंत जावं लागतं. पावसात कोण जातं?

१७ जून
पुन्हा पाऊस, पुन्हा शांतता, पुन्हा आक्काची वरात. टेलर वैतागला. म्हणाला, आता तिला माझ्याकडेच ठेवा, नाहीतर मला तरी खाली आणा.

२० जून
ह्यांना नेलं तेव्हाही असाच पाऊस होता. मला घराबाहेर पडायची बंदी. दाराला कागद चिकटवलेला. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि इंजिन धडधडत होतं. शागीर्द चालवतोय हे ठाऊक होतं. तरी वाटायचं, कामावर आहेत. येतील तेलकट हात घेऊन, साबण मागतील. दवाखान्यातून फोन आला तेव्हाही धडधड चालूच. ह्यांचं तोंड दाखवलं नाही. कुणी उचललं, कुठे नेलं – सगळं ऐकीव.

त्यामुळे ते गेले हे मी अर्धंच मानलं. इंजिन सुरू झालं की अंग सैल पडायचं. दोन पावसाळे तसे काढले. आता काय?

वाचायला मी त्या इंजिनाच्या माहितीपुस्तकावरूनच शिकले. ह्यांच्या डब्याबरोबर घरी आलेलं. पहिले शब्द लागले ते झडप, दाब आणि धोका.

२२ जून
पंपघरात गेले. शागीर्दाला म्हटलं, नवा पंप चालू असेल तेव्हा जुनं इंजिनही नुसतं सुरू ठेव. नळ नसेना का! लोकांना कळेल तरी. आक्काला सारखं उचलून तिची हाडं खिळखिळी झाली.

त्यानं मान हलवली. "वहिनी, पाणी न ओढणारं इंजिन कशाला? उस्ताद असते तर मला हाकलून दिलं असतं."

खरं होतं. परत आले. आक्कासाठी गेले होते, असं वाटेत दोनदा मनाशी म्हटलं. खरं असतं तर एकदा पुरलं असतं.

२६ जून
धडधड! दुपारी पाऊस आला आणि इंजिन सुरू झालं. ऐकलं म्हणायचं शागीर्दानं. गल्लीतले सगळे दारात उभे राहून हसत होते. टेलरनं वरून टाळ्या वाजवल्या. आक्काला विचारलं, ऐकू येतंय का? तिनं डोळे मिटले आणि मलाच म्हणाली, "झोप आता, बाई."

२७ जून
सकाळपर्यंत झोपले. किती दिवसांनी!

३ जुलै
चार दिवस झड आहे. धडधड आहे. सगळे कामावर. दिव्याकडे कोणी बघत नाही. मीही नाही.

उद्या पुस्तक बदलून आणायचंय.

६ जुलै
वरच्या रस्त्यावरच्या शाळेत आहोत. बाकावर लिहितेय. वही पिशवीत होती म्हणून वाचली.

परवा सकाळी आक्काला चहा पाजला. इंजिन चालू होतं. तिचा मुलगा धडधड ऐकूनच कामावर गेला होता. मीही धडधड ऐकूनच निघाले. म्हटलं, जाऊन येते. तिनं सांगितलं, गोष्टीचं आण, मागचं रटाळ होतं, वाचून दाखवताना तूच पेंगत होतीस.

वरच्या रस्त्याला वाचनालयात होते, तिथली वीज गेली. खिडकीशी बसून पानं चाळत राहिले. वीज गेली म्हणजे नवा पंप बंद – एवढं माझ्या डोक्यात येऊ नये? नाही आलं. खालून आवाज येत होता ना! डिझेलला विजेचं काय?

शागीर्द गटाराच्या जाळीतला कचरा काढत होता, दुसऱ्या टोकाला. त्यालाही इंजिन ऐकू येत होतं. एवढा जाणता माणूस, तोही फसला.

दिवा विझला होता. बघितला कोणी नाही.

मी उताराशी पोचले तेव्हा गल्ली भरली होती. टेलर माडीवरून ओरडत होता. त्याला पोहता येत नाही. दोघे-तिघे पाण्यात उतरले. किल्ली मी हातात धरून उभी. दार पाण्यानं गच्च बसलेलं, किल्लीनं काय होणार? आणि उंच जोत्यावरच्या पंपघरात ते इंजिन पाणी न ओढता चालूच होतं, धडधड, धडधड, जसं काही सगळं ठीक आहे.

दार फोडलं तेव्हा खुर्ची तरंगत बाहेर आली. आक्का नाही.

९ जुलै
लोक एकमेकांशी बोलत नाहीत. ओल्या गाद्या उन्हात टाकतात आणि आत जातात.

११ जुलै
चौकशी. शाळेच्या वर्गात टेबल लावलेलं. इंजिनिअर बाईचे डोळे सुजलेले. वीज गेली तर पंपाला दुसरी सोय हवी होती, ती पुढच्या वर्षीच्या कामात धरली होती, असं तिनंच सांगितलं. लपवलं नाही. मग विचारलं, जुनं इंजिन कोणाच्या सांगण्यावरून सुरू केलं?

शागीर्द म्हणाला, "कोणाच्या नाही. माझी सवय."

मी मागच्या बाकावर होते. माझ्याकडे बघितलंही नाही त्यानं. त्याला कामावरून बाजूला केलं. मी उठले नाही.

१२ जुलै
आधी आक्काच्या मुलाला सांगणार. मग त्या टेबलापुढे. त्यानं थोबाडीत मारली तरी चालेल.

१३ जुलै
सांगितलं. आवाज मीच मागितला, आक्काचं नाव पुढे करून, स्वतःच्या झोपेसाठी.

आक्काचा मुलगा म्हणाला, "काकू, तुम्हाला शागीर्द नाहीच म्हणाला होता. मग मी गेलो त्याच्याकडे. आईनं पाठवलं. म्हणाली, मला उचलतात त्याचं काही नाही, पण शेजारीण रात्रभर जागी असते. तिच्यासाठी एवढं कर."