पाल परत येते का?

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (खोलीत पुस्तकं इतकी पसरली आहेत की साष्टांगाला जमीनच उरलेली नाही, तेव्हा सध्या खुर्चीत बसूनच.) तुझी तब्येत ठणठणीत असेल, काकांचा खोकला आता काकांचं ऐकू लागला असेल, अशी आशा करते. इकडे सगळे मजेत. आई बोलते आहे, बाबा ऐकत आहेत.

पत्रास कारण की, मी संशोधक होते आहे. म्हणजे सुटीपुरती. आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला जायच्या आधी कुणातरी संशोधकाच्या हाताखाली दोन महिने इंटर्नशिप करावी लागते आणि मार्गदर्शक आपला आपणच गाठायचा असतो. मला खरं तर सूक्ष्मजीव हवे होते: पांढरा कोट, काचेच्या बशा, एसी. पण तिथे वर्गातली सगळी हुशार मुलं आधीच चिकटली होती (सूक्ष्मजीवांसारखीच). उरल्या एकट्या पालीच्या बाई. त्यांना हे नाव का पडलं ते सांगायला नको आणि त्यांच्याकडे जागा का उरली होती तेही. त्यांनीही नाही म्हटलं असतं तर माझं वर्ष हातचं गेलं असतं, म्हणून मनात शंकेची पाल चुकचुकत असतानाच मी खऱ्या पालींच्या दारात जाऊन उभी राहिले.

जाताना योजना लिहून नेली होती. विषय : बदलतं हवामान आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचं भवितव्य. बाईंनी ती चष्मा कपाळावर सरकवून वाचली, मग चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा वाचली आणि एवढं भवितव्य आटोपल्यावर उरलेल्या सुटीत मी काय करणार, असं अगदी मायेने विचारलं. मी विषय कमी केला. जगावरून देशावर आले, देशावरून जिल्ह्यावर, जिल्ह्यावरून कॉलेजच्या आवारावर. बाई दर वेळी 'अजून लहान' एवढंच म्हणत (तू भाजीवाल्याशी करतेस तशीच घासाघीस). शेवटी त्यांनी विचारलं, पालींची भीती वाटते का. मी म्हटलं, छे.

तेवढ्यात माझ्या कोपराशी ठेवलेल्या काचेच्या पेटीत काहीतरी हललं. त्यानंतरचं मला आठवतं ते स्टुलावरून. मी स्टुलावर उभी, पेटीचं झाकण जमिनीवर आणि पाल मोकळी. प्रयोगशाळेतले मदतनीस, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते जाळी आणायला गेले. मला वाटलं, आटोपला कारभार. पण बाई माझ्याकडे न बघता भिंती न्याहाळत होत्या.

"कुठे जाईल ती, तुझ्या मते?"

मी वरूनच सांगितलं की ट्यूबलाइटमागे, कारण आमच्या मावशीकडची तिथेच जाते. आणि मग, मावशी, घाबरल्यावर माझं तोंड सुटतं तसं सुटलं. तू रोज संध्याकाळी तिला केरसुणीने सुपलीत घेऊन कुंपणापलीकडे टाकतेस, सकाळी ती पुन्हा ट्यूबलाइटमागे हजर आणि काका म्हणतात, आली माहेरी. सगळं सांगून टाकलं.

"तीच परत येते, कशावरून?"

"शेपूट तुटकी आहे."

"दुसरीचीही तुटकी असू शकते."

मग सुचलं तसं म्हटलं, "रंगाची खूण करून सोडली, तर कळेल."

बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "हा झाला प्रश्न," त्या म्हणाल्या. "आता खाली उतर."

मग आम्ही दुपारभर बसून आखणी केली. पाली पकडायच्या, पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा, आधी अंगणात सोडायच्या, मग गल्लीच्या टोकाला, मग त्याहून लांब आणि कोणती कुठून घरी येते ते बघायचं. इतकी वर्षं मी हे नुसतं बघत होते आणि हे विचारण्यासारखं आहे हे मला माहीतच नव्हतं. घरी येताना मी चक्क गाणं गुणगुणत होते. (ती मोकळी पाल ट्यूबलाइटमागे गेलीच नव्हती. दादांच्या हेल्मेटमध्ये सापडली. चुकलेला अंदाजही लिहून ठेवायचा असतो म्हणे, तो बाईंनी माझ्याच हाताने लिहून घेतला.)

काकांना नमस्कार सांग.

तुझी लाडकी (निदान हे पत्र संपेपर्यंत),
भाची

ता. क. : या प्रयोगाला बऱ्याच पाली असलेलं घर लागतं. तुझं मंजूर झालं आहे. मी येईपर्यंत एकीलाही हाकलू नकोस.

ता. ता. क. : भीती अजून गेलेली नाही. पकडायचं काम तुझ्याकडे. अर्जात साहाय्यक म्हणून तुझं नाव घातलं आहे.

ता. ता. ता. क. : आईला पालींचं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तुझा गुडघा धरलाय आणि मी सेवेला येतेय असं सांगितलं. ती इतकी हळहळली की तीही येतेय, पूर्ण दोन महिने. तू तिची थोरली बहीण. पालींचं तूच सांग, पण लंगडत सांग.