सरकत्या गाठींचा झोपाळा

रविवार, ९ मार्च. संध्याकाळ.

दादाला अक्कल नाही, हे आज दुकानात पुन्हा कळलं. बाबांना दुपारचं दाराबाहेर झाडाखाली पडता यावं म्हणून आम्ही घाटकोपरला दोरीचा झोपाळा घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "एकदम लाइटवेट, पिशवीत मावतो." दादा लगेच खूश! मी एक गाठ ओढली, तर सरकलीच.

"दादा, दुसरा बघ ना."

"तुला काय कळतं गं? ट्रेकिंगवाले हाच वापरतात."

ट्रेकिंगवाले म्हणे! स्वतः दिंडोशीत पहिल्या मजल्यावर लिफ्टने जातो. आणि माहुलला जन्मभर मासळीची जाळी विणलेल्या माणसाला असल्या गाठी?

शेवटी तोच घेतला. घरी आणल्यावर बाबांनी गाठीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता ऐकवतील. तर म्हणाले, "झकास आहे रे." दादा छाती फुगवून त्याच्या घरी गेला.

तेव्हापासून बाबा ओट्यावर बसून एकेक गाठ सोडून पुन्हा बांधताहेत.

मी चिडून म्हटलं, "फेका ना तो. मी दुसरा आणते."

"नको. पुढच्या रविवारी तो येईल, तेव्हा मी यातच झोपलेला दिसलो पाहिजे."

दुसऱ्या टोकाच्या गाठी मी धुसफुसतच सोडायला घेतल्या.