पंचवीस कोटी वर्षांचं पान

१२ जानेवारी १९५६, लालबाग
कबूल करतो. नाईट स्कूलच्या उघड्या कपाटातल्या डबीतून आमच्या मृणालिनीबाईंचा दगडी कोळसा मीच उचलला. त्याच्या जागी आमच्या शेगडीतला ठेवला. नुसती गंमत. उद्या बाई ऐटीत डबी उघडतील, वर्ग हसेल, मग परत देईन. प्लॅन फर्स्टक्लास.
कोळशावर पान उमटलंय. जिभेसारखं लांब, मधोमध शीर. पंचवीस कोटी वर्षांचं. डायनॉसॉरचापण तेव्हा पत्ता नव्हता म्हणे.

१३ जानेवारी
कोणी हसलं नाही. बाईंनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, वडिलांनी चांद्याच्या खाणीतून आणला होता. रडल्या. कपाटाची किल्ली शिपाई कोंडीरामकाकांकडे असते. हेडमास्तर त्यांना म्हणाले, सोमवारपर्यंत आणा, नाहीतर घरी बसा. काका आमच्या समोरच्याच खोलीत राहतात. पोरं तीन.
उद्या नक्की देतो.

१४ जानेवारी
संक्रांत. सणाच्या दिवशी कोण असली कामं करतं?

१५ जानेवारी, दुपार
पान काढून बघितलं. घाबरलो नाही. फक्त बाईंचं बोलणं आठवतं. आधी सगळा बर्फ. मग वितळला, दलदल झाली, जंगल उगवलं. पानं गळायची, चिखलात जायची. बेडकाच्या जातीचं जनावर, मगरीएवढं, त्यात पडून असायचं. फूल नाही, पक्षी नाही. रामूने विचारलं, बाई, कावळा नाही तर पिंडाला कोण शिवायचं? वर्ग खदाखदा हसला. बाई म्हणाल्या, अरे, माणूसच नव्हता.
म्हणजे एवढे सगळे मेले, कोणाचं कोणी केलंच नाही.

१७ जानेवारी
मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत म्हणून मोर्चे. गोळीबार. कर्फ्यू. शाळा बंद. सोमवार असाच गेला, काका वाचले! मी फुकट काळजी करत होतो.

१८ जानेवारी, दुपारी तीन
गिरणीचा भोंगा नाही, ट्राम नाही. गॅलरीत उभा राहिलो तर कावळासुद्धा ओरडेना. खोलीत ओल्या चिखलाचा वास. आईला येत नाही. ती म्हणते, तुका ताप इलो हा.
गावच्या रानासारखा त्या जंगलाचापण राखणदार असणारच. त्याच्यासाठी कोळशापुढे विडी ठेवली. मग आठवलं, तेव्हा तंबाखू कुठली? मीच ओढली.


२० जानेवारी
वखार बंद. चाळीत कोळशाचा तुकडा नाही. मी झोपलो होतो. आईने माझ्या उशाशी बघितला, फोडला, शेगडीत घातला. वर मलाच बोलली, घरात कोळसो असान सांगलंस कित्याक नाय?
मी उठेपर्यंत लाल झाला होता. पान आधी उजळलं. एकेक शीर दिसली. मग गेलं.
आईने त्यावर भात शिजवला, अर्धा काकांच्या पोरांना दिला.

२४ जानेवारी
शाळा उघडली. काकांना काढलं. मी सांगायला गेटपर्यंत गेलो होतो. पण दाखवणार काय, राख?
संध्याकाळी काका आले. आईला म्हणाले, वहिनी, त्या भाताचे उपकार विसरणार नाही. मग मला म्हणाले, लवू, उद्या बाईंकडे चल माझ्याबरोबर. तू सांग, कोंडीराम चोर नाही. तू त्यांचा विद्यार्थी, तुझं ऐकतील.
हो म्हटलं.
चिखलाचा वास आता अंगालाच येतोय.
जो कोणी हे वाचशील, पाया पडतो, कोणाला सांगू नको. निदान उद्यापर्यंत तरी.